आवाज हाय, वास नाय

आषाढातली दुपार टळून गेलेली, बाहेर तिरका पाऊस, आणि रत्नागिरीत नव्यानं उघडलेल्या कोरियन फ्राइड चिकनच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक आजी. नातवंडांनी ओढून आणलेलं दिसत होतं. ओल्या चपला टेबलाखाली जुळवून ठेवून त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या, एस.टी.त तिसऱ्या माणसाच्या वाट्याला येते तेवढ्याच जागेवर. ताट आलं. अर्धं साधं, अर्धं लालभडक. नातीनं एक तुकडा पुढे केला, तर आजींनी तो तोंडात घालण्याआधी नखानं वाजवून पाहिला. बाजारात नारळ वाजवून घेतात तसा. टक् असा सुका आवाज आला. मग एक घास. कुर्रम आवाज आमच्या टेबलापर्यंत पोचला. आजींनी सावकाश चावून गिळलं आणि निकाल दिला : ‘आवाज हाय गो बाय, पन वास नाय.’ नातवंडं हसली, कुणीतरी आजीचा व्हिडिओ घ्यायला फोन काढला, विषय तिथेच संपला. पण ते वाक्य काही कानातून जाईना. नाक मुरडण्याचा सूर त्यात नव्हता. घरच्या तळणाच्या मापानं केलेली ती नेमकी परीक्षा होती, आणि ती शंभर टक्के बरोबर होती.

तळणाला मराठीत एकच विशेषण नाही, हे त्या वाक्यानं लक्षात आणून दिलं. खुसखुशीत, कुरकुरीत आणि खमंग हे तीन शब्द आपण एका दमात बोलतो, पण त्यांची कामं निराळी आहेत. खुसखुशीतपणा मोहनाचा. पिठात तूप-तेल चोळलं की पिठाचे धागे आखूड होतात, म्हणून करंजी दाताखाली विरते. कुरकुरीतपणा पाण्याचा, म्हणजे पाणी निघून जाण्याचा. आणि खमंगपणा भाजणीचा, नाकाचा. डाळ भाजताना, सुकं खोबरं परतताना, धणे तडतडताना जो दरवळ येतो तो. कोरियन चिकनचा सारा अट्टाहास मधल्या शब्दासाठी आहे. तिकडे त्या आवाजाला ‘बासाक-बासाक’ म्हणतात, आणि बाहेरून कुरकुरीत-आतून रसरशीत या गुणाला चार अक्षरांचं जोडकाम केलेला एक छोटा शब्दच आहे. जाहिरातीतही चावण्याचा आवाज मोठा करून ऐकवतात. वासाची जाहिरात करता येत नाही, हेही आलंच.

कोकणात कुरकुरीत काही करायचं म्हणजे पाण्याशी भांडण. पावसाळ्यात इथल्या हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा असतो, मीठ बरणीत पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, आणि तळलेला पापड जेवण संपेपर्यंत चामड्यासारखा होतो. म्हणून तर इथल्या बायकांना तळणाचं शास्त्र शिकवावं लागत नाही. ताजा बोंबील म्हणजे जवळपास सगळं पाणीच. तो चिरून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली तास-दीड तास दाबून ठेवला नाही तर तव्यावर त्याचं कालवण होतं. कच्च्या फणसाचे गरे तळताना शेवटी कढईत मिठाच्या पाण्याचा हबका मारतात. तेल खवळून उठतं, पण मीठ सगळीकडे सारखं लागतं आणि पाणी तर वाफ होऊन निघूनच जातं. कुरड्या, फेण्या उन्हात इतक्या वाळवतात की वाजतात, आणि मगच डब्यात भरतात. ‘वाजतात’ हा शब्द महत्त्वाचा. आजींनी तुकडा वाजवून पाहिला तो याच शाळेतला धडा.

आता तो आवाज येतो कुठून? गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, त्याची जाळी पाणी धरून ठेवते. मैद्याचं कवच तळल्यावर कुरकुरीत होतं खरं, पण जाड, भाकरीच्या पापुद्र्यासारखं, आणि निवलं की चिवट. कोरियन पद्धतीत म्हणूनच मैदा कमी आणि स्टार्च जास्त. तिकडे बटाट्याचं स्टार्च सर्रास वापरतात, आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळतं ते कॉर्नफ्लॉवर. (मक्याचं पिवळं पीठ नव्हे. या एका घोटाळ्यानं कित्येकांच्या घरी चिकनच्या जागी मक्याच्या वड्या झाल्या असतील.) स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात, आणि पाणी उडून गेलं की मागे पातळ, ठिसूळ, अक्षरशः काचेसारखं कवच उरतं. अक्षरशः, कारण शास्त्राच्या भाषेतही ती काचेचीच अवस्था आहे. काच तडकते म्हणून आवाज येतो. त्याच कवचात थोडं पाणी शिरलं की काचेचं रबर होतं. तुटायच्या ऐवजी ते वाकतं, आणि आवाज जातो.

घरी करायचं झालं तर एक किलोची कोंबडी हाडासकट पंधराएक तुकड्यांत कापून घ्यायची. मोठे तुकडे नकोत, साठ-सत्तर ग्रॅमचे बरे. कोरियात या धंद्यात चालणारी कोंबडीही लहानच, ‘दहा नंबर’ची, म्हणजे किलोच्या आसपास. तुकड्यांना पंधरा ग्रॅम मीठ, आलं-लसूण आणि मिरपूड चोळून निदान दोन तास फ्रीजमध्ये, शक्यतो उघडंच. मीठ आत मुरतं आणि वरची कातडी सुकते. सुटलेलं पाणी टिपून टाकायचं. ही पायरी गाळणारे पुढे तेलाला दोष देतात. मग १२० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, ४० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि बर्फाचं पाणी साधारण दीडशे मिली. घोल ताकाइतका पातळ हवा, भज्यांसारखा दाट नको. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, पाच मिनिटांत तळाशी बसतं. प्रत्येक तुकडा बुडवताना तळापासून ढवळलं नाही तर पहिल्या तुकड्यांना नुसतं पाणी आणि शेवटच्यांना चुना लावल्यासारखा थर, असा प्रकार होतो.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा १६० अंशांच्या तेलात आठ-नऊ मिनिटं. थर्मामीटर नसेल तर घोलाचा थेंब टाकून बघावा. तो अर्ध्यापर्यंत बुडून सावकाश वर आला तर १६०, टाकल्याबरोबर वरच तरंगला तर १८०च्या पुढे. दोन लिटर तेलात एका वेळी पाच-सहा तुकड्यांहून जास्त नको. जास्त घातले की तेल धाडकन थंड होतं, कवच धरायच्या आधीच तेल पिऊ लागतं आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. पहिल्या तळणात मांस शिजतं, कवच फिकट राहतं, आणि हे असंच राहायला हवं. काढल्यावर तुकडे जाळीवर ठेवायचे, वर्तमानपत्रावर नाही. कागदावर ठेवलेल्या तुकड्याची वाफ खाली अडकते आणि तळाची बाजू भिजते. जाळी नसेल तर रोवळी पालथी घालावी, ती जाळीहून कमी नाही. आणि काढल्या-काढल्या झाऱ्यावर दोनदा झटकायचं, कारण तुकडा तेलात असतो तोवर आतली वाफ बाहेर येत असते, तेलाला शिरायला वाव नसतो. तुकडा बाहेर काढला, वाफ निवली, की कवचावर राहिलेलं तेल आत ओढलं जातं. तेलकटपणा कढईत कमी होतो आणि कढईबाहेर जास्त.

मग दहा मिनिटं नुसतं बसायचं.

याच दहा मिनिटांसाठी ही सारी पद्धत आहे असं म्हटलं तरी चालेल. तुकडा बाहेर विसावतो तेव्हा आतल्या मांसातलं पाणी हळूहळू कवचाकडे सरकतं. कवच मऊ पडतं. पाहणाऱ्याला वाटतं, बिघडलं. मग १८५ अंशांच्या तेलात अडीच-तीन मिनिटं, आणि कवचात आलेलं ते पाणी एका झटक्यात वाफ होऊन जातं, आतल्या मांसाला पुन्हा शिजायला वेळ न देता. या वेळी कान उघडे ठेवावेत. तुकडा टाकल्यावर तेल आधी खदखदतं, मग चुरचुरतं, मग बुडबुडे बारीक आणि विरळ होत जातात, आवाज उंच आणि बारीक होतो. तो बारीक झाला म्हणजे पाणी संपलं. त्यानंतरची तीस सेकंदं फक्त रंगाची. चुलीपाशी बसलेल्या बाईला हे घड्याळ न बघता कळतं. वड्यांचं तेल ‘बोलायचं थांबलं’ की वडा काढायचा, ही तिची रीत.

तर आवाज कसा येतो ते झालं. वास का येत नाही?

कारण वास ज्यातून येतो ते या कवचात घातलेलंच नाही. अन्न तांबूस होताना जो खमंगपणा येतो त्याला प्रथिनं आणि साखर दोन्ही लागतात, आणि कोरडी आच लागते. स्टार्चमध्ये प्रथिनं जवळपास नसतात. म्हणून कोरियन तुकडा तळून निघाला तरी फिकट सोनेरी राहतो, अमेरिकन चिकनसारखा तपकिरी होत नाही. घोलातला तो ४० ग्रॅम मैदा काय थोडाफार रंग देतो तेवढाच. त्यात तेल रिफाइंड, म्हणजे वास काढून टाकलेलंच. आजींच्या नाकात मात्र तळणाचा वास म्हणजे खोबरेल, नाहीतर वड्याच्या पिठातल्या धणे-मेथीचा, उडदाचा वास. कोंबडी म्हटली की भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, बेडगीचा रंग, वरून मसाल्याचा ठसका. रस्ता ओलांडला तरी कळावं की या घरात आज काय शिजतंय. त्या मापानं साधं कोरियन चिकन गप्प आहे. ते नाकाशी बोलत नाही, कानाशी बोलतं. एका माणसाला हे उणं वाटेल, दुसऱ्याला सुटका. आमचं मत विचाराल तर पहिले दोन तुकडे केवळ आवाजावर निभावतात, तिसऱ्याला काहीतरी लावायला हवं असं वाटायला लागतं.

गंमत म्हणजे हे तिकडच्या लोकांनाही वाटलं होतं. साठच्या दशकात सोलमध्ये अख्खी कोंबडी यंत्रात फिरवून भाजलेली मिळू लागली, पुढे स्वस्त तेल आलं तशी अख्खी तळलेली. १९७७ मध्ये सोलच्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात ‘लिम्स चिकन’ सुरू झालं, तुकडे करून तळलेल्या कोंबडीची ही तिथली पहिली साखळी मानतात. पण ज्या लाल चटणीवर आज हा पदार्थ जगभर चालतो ती आली दाएगू शहरातून, युन जोंग-ग्ये यांच्या छोट्या दुकानातून. त्यांनीच मुलाखतीत सांगितलेली हकीकत अशी की, गिऱ्हाईक तळलेल्या कोंबडीचे तुकडे अर्धवट टाकून जायचं. निवलं की कवच टाळूला टोचायचं, छातीचं मांस कोरडं लागायचं. म्हणून त्यांनी तिखट-गोड लेप करायला घेतला आणि तो महिनोन्‌महिने जमेना. मग शेजारच्या एका म्हातारीनं सांगितलं, त्यात मुल्योत घालून बघ. मुल्योत म्हणजे धान्याच्या स्टार्चपासून केलेला दाट, पारदर्शक गोड पाक. घातला आणि जमलं. त्या म्हातारीचं नाव कुठे नोंदलेलं नाही. पदार्थाच्या इतिहासात अशा बिननावाच्या म्हाताऱ्या किती असतील कोण जाणे, पण ही वाचल्यापासून रत्नागिरीतल्या त्या खुर्चीच्या कडेवर बसलेल्या आजी जास्तच ओळखीच्या वाटायला लागल्या.

मुल्योतनं नेमकं काय केलं? आपल्या भाषेत सांगायचं तर पाकाला तार आणली. लाल लेप म्हणजे यांग्न्योम. त्यात गोचुजांग (तिकडची मुरवलेली लाल मिरचीची चटणी), लसूण, सोया सॉस, टोमॅटो केचप आणि हा पाक. साध्या पातळ सॉसमध्ये मोकळं पाणी असतं, ते कवचात शिरतं आणि दोन मिनिटांत काचेचं रबर करतं. दाट पाकातलं पाणी साखरेनं बांधून ठेवलेलं असतं, ते सहजी हलत नाही, उलट पाकच कवचावर एक चकचकीत थर धरतो. काजूची चिक्की करणाऱ्याला हे समजावायला लागत नाही. एक किलो चिकनला दोन टेबलस्पून गोचुजांग, तीन केचप, एक सोया सॉस, मुल्योतच्या जागी चार टेबलस्पून कॉर्न सिरप आणि सात-आठ पाकळ्या लसूण बारीक चिरून. मंद आचेवर, सतत ढवळत, कारण गोचुजांग तळाला धरतं आणि करपलं की कडू होतं. उलथनं तळावरून ओढल्यावर रेघ क्षणभर राहिली की उतरवायचं. त्याच्या आधी उतरवलं तर चिकन भिजतं, फार पुढे गेलं तर थंड झाल्यावर दाताला चिकटणारी चिक्की होते. तुकडे दुसऱ्या तळणातून निघाल्या-निघाल्या कढत असतानाच लेपात वीस-पंचवीस सेकंद घोळवायचे, बस्स. गार तुकड्यावर गरम लेप किंवा गरम तुकड्यावर गार लेप, दोन्ही फसतात. पहिला ओघळतो, दुसरा गोळ्या धरतो.

गोचुजांगला पर्याय म्हणून शेजवान चटणी घालणारे खूप आहेत. घालू नये. शेजवान चटणी तेलात परतलेली असते. गोचुजांग मुरवलेलं असतं : लाल मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, मीठ, बार्लीचं मोड आणून केलेलं पीठ, असं सगळं मडक्यात भरून महिनोन्‌महिने उन्हात. त्याचा वास आंबूस, गोडसर, जड असतो, लोणच्याची जुनी बरणी उघडल्यासारखा. मिरचीसुद्धा बेडगीच्या चुलतघराण्यातली वाटावी अशी, रंग दांडगा आणि तिखटपणा बेताचा. म्हणजे साध्या चिकनला जो वास नाही तो लाल चिकनला आहे, फक्त तो भाजणीचा वास नाही, मुरण्याचा आहे. शेजारच्या टेबलावर हे कळलं की नाही ते सांगता येत नाही, पण आजींचा दुसरा तुकडा लाल अर्ध्यातला होता आणि त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. कोकणात न बोलणं ही बरीच मोठी दाद असते.

पाटीवर ‘चिकिन’ असं लिहिलेलं होतं आणि येणारे-जाणारे ती छापायची चूक समजून हसत होते. चूक नाही. कोरियनमध्ये जिवंत कोंबडीला ‘दाक’ म्हणतात आणि इंग्रजीवरून आलेला ‘चिकिन’ हा शब्द फक्त तळलेल्या कोंबडीसाठी राखून ठेवलेला आहे. आपलं तरी निराळं काय आहे? अंगणात फिरते ती कोंबडी, दुकानातून काळ्या पिशवीत येतं ते चिकन. मिरगाला राखणदाराला देतात ती कोंबडी, आणि क्रिकेटच्या मॅचला मागवतात ते चिकन. कोंबडीला रंग असतो, घर असतं, कुणाची तरी असते. चिकन किलोवर असतं. त्या दोन शब्दांमध्ये पंचवीस-तीस वर्षांचा गावचा बदल भरलेला आहे.

आणि ही पद्धत चिकनचीच आहे, कोंबडीची नाही. गावठी कोंबडी आणून अशी तळून पाहू नये. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो, मांस कोवळं, दहा मिनिटांत शिजतं. वर्षभर उकिरडे उकरत धावलेल्या कोंबडीचे स्नायू आणि पडदे चिवट असतात, ते मऊ व्हायला तास-दीड तास रश्श्यात शिजावं लागतं. तळणात ती नुसती आवळते. त्याउलट ब्रॉयलरला रश्श्यात दीड तास ठेवलं तर त्याचा भुगा होतो. ज्याचं त्याला. एक मात्र नव्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवायला हवं : मांडीच्या हाडाजवळ मांस गुलाबी-लालसर दिसलं म्हणजे कच्चं असतंच असं नाही. इतक्या लहान पक्ष्याची हाडं सच्छिद्र असतात, आतल्या मज्जेचा रंग शिजताना बाहेर झिरपतो. रंगावर जाऊ नये. जाड भागात ७४ अंश झाले की शिजलं. त्याच दुपारी पलीकडच्या टेबलावरून एक ताट ‘कच्चं आहे’ म्हणून परत गेलं. वेटर पोरानं वाद घातला नाही, ताट उचललं आणि पुन्हा तळून आणलं. अर्थात ते दगड होऊन आलं.

ताटाबरोबर एका वाटीत मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे येतात, कोरियात याशिवाय चिकन सहसा देत नाहीत. पाणी, व्हिनेगर आणि साखर समसमान, थोडं मीठ, उकळून गार करून मुळ्यावर ओतायचं, रात्रभर फ्रीजमध्ये. कोरियन मुळा जाड, बुटका, गोड असतो. आपला लांब आणि उग्र, म्हणून चिरल्यावर अर्धा तास मीठ लावून त्याचं पाणी टाकून द्यावं, नाहीतर बरणी उघडल्यावर घरातली माणसं एकमेकांकडे संशयानं बघतात. या मुळ्याचं काम तेच जे सुरमईबरोबर सोलकढीचं : जिभेवरचा तेलाचा थर धुऊन काढायचा, म्हणजे पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. तिकडे तेच काम बिअरही करते. २००२च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी रस्त्यारस्त्यांवर पडदे लावून लोक चिकन आणि बिअर घेऊन बसले, तेव्हापासून ती जोडी देशाची खूणच झाली. इथल्या मेनूत त्या जागी कोकम सोडा लिहिलेला होता. कुणी सुचवला माहीत नाही, पण सगळ्या कार्डावरची हीच एक ओळ स्वतःच्या अकलेनं लिहिलेली वाटली. आंबट, थंड, बुडबुड्यांचा. व्हिनेगरपेक्षा मऊ आंबटपणा, आणि लाल लेपाच्या गोडव्याला नेमका उतारा. आजींनी सोडा बाजूला सारला आणि वाटीतले मुळ्याचे तुकडे संपल्यावर खालचं पाणी वाटी तोंडाला लावून पिऊन टाकलं. नातीनं ‘आजी, ते पीत नाहीत’ म्हणून डोळे मोठे केले. तोवर वाटी रिकामी होती.

हॉटेल उघडायला निवडलेली वेळ बरोबर होती की चूक, यावर बाहेर पानाच्या टपरीवर दोन मतं होती. जून-जुलैत मासेमारी बंद, मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी नांगरलेल्या, बाजारात ताज्या मासळीचा तुटवडा. अशा वेळी कोंबडीला मरण, म्हणजे हॉटेलला बरकत. पण दोन आठवड्यांवर श्रावण. आषाढी अमावास्येपर्यंत रांग आणि दुसऱ्या दिवसापासून माशा मारायच्या. नारळी पौर्णिमेनंतर ताजं पापलेट आलं की मग खरी परीक्षा. त्याआधीची परीक्षा रविवारची. पंधरा टेबलं भरली, पार्सलं अडली, की सगळ्यात आधी दुसऱ्या तळणाची दोन मिनिटं कापली जातात, कारण ती न दिसणारी दोन मिनिटं असतात. ताट वेळेवर येतं, रंगही बरा असतो, फक्त वाजत नाही. मग लेप संपत आला की त्यात पाणी पडतं. आणि तेल. खाद्यतेलात तळून-तळून जी नको ती द्रव्यं साठतात त्यांची मर्यादा आपल्याकडे २५ टक्के ठरवलेली आहे, ती मोजायची यंत्रंही मिळतात. पण स्टार्चचा चुरा तेलात राहिला की तेल त्या मर्यादेकडे फार वेगानं धावतं, म्हणून दर घाण्यानंतर जाळीनं चुरा काढणं आणि रात्री तेल गाळणं टळत नाही. गिऱ्हाइकाला यंत्र नको. साध्या चिकनला वास नसतो ना, तोच इथे कामाला येतो. ज्या दिवशी त्याला वास येईल, त्या दिवशी तेल जुनं झालं समजावं. त्या दुपारी तो नव्हता. म्हणजे आजी ज्याला उणं म्हणाल्या ती खरं तर स्वयंपाकघराला मिळालेली पावतीच होती.

त्यांचं खाऊन झालं तेव्हा बाहेर पाऊस आणखी वाढलेला. घरी कुणासाठी तरी पार्सल सांगितलेलं होतं. काउंटरवरच्या पोरानं गरम तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले, झाकण लावलं, वर चिकटपट्टी मारली आणि पाऊस लागू नये म्हणून खोकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ दिली. खोक्याला बाजूनं वाफ जायला दोन भोकं होती, खास त्यासाठीच पाडलेली. ती पिशवीच्या आत गेली. आजी चपला घालत होत्या, त्या तशाच थांबल्या, एक पाय चपलेत, एक बाहेर.

‘गाठ सोड रं,’ त्या म्हणाल्या. ‘घाम येईल त्याला.’

पोरगा म्हणाला, पाऊस आहे आजी, भिजेल. आजींनी वाद घातला नाही. गाठ स्वतःच सोडली, खोकं बाहेर काढलं, नखानं चिकटपट्टी उचलून झाकणाचा एक कोपरा वर केला. वाफेची बारीक धार निघाली आणि काचेच्या दारावर पुसट डाग धरला. मग त्यांनी खोकं दोन्ही हातांवर आडवं धरलं, त्यावर पदराचं छत केलं, असं की पदर खोक्याला कुठेच टेकू नये, आणि नात छत्री उघडते आहे की नाही ते न बघता रिक्षेकडे चालू लागल्या.